फारूक मिस्त्रीची साक्ष

उंब्रजला महामार्ग सोडून नदीच्या अंगाला उतरलं, की तिसऱ्या वळणावर फारूक शिकलगार यांचं दुकान लागतं. दारावर पाटी नाही. होती ती एका वळवाच्या वादळात उडाली, आणि नवी करायची राहूनच गेली. तरी मोटार जळलेला शेतकरी पार पाटणच्या खोऱ्यातनं, नाहीतर इस्लामपूरकडनं टेम्पो घेऊन निघतो आणि कुणाला न विचारता बरोबर त्याच दारात येऊन थांबतो.

फारूकचा आजा गावोगाव फिरून विळ्या-कोयत्यांना धार लावायचा. फारूक सतराव्या वर्षी सांगलीला एका वर्कशॉपात राहिला आणि मोटारीचं वाइंडिंग शिकून आला. जळलेली तांब्याची तार काढायची, नवी तार साच्यावर गुंडाळून तिची वेटोळी करायची, ती मोटारीच्या पोटातल्या खाचांत एकेक करून बसवायची, वरनं वार्निश पाजायचं आणि उन्हात वाळवायचं. एक्केचाळीस वर्षं तो हेच करत आला होता.

वेटोळं करताना वेढे मोजावे लागतात. सुरुवातीला फारूक मोजायचा. पुढं पुढं हातच मोजायला लागले आणि फारूक मोकळा झाला. दुपारी नदीवरनं वारा सुटला, की तांब्यावर उन्हाची एक बारीक रेघ सरकायला लागायची. ती बघता बघता त्याला वाटायचं, आपण तार नाही, पाण्याची धारच गुंडाळतोय. तिकडं कोयनेच्या डोंगरात पाणी कोसळतं, त्याची वीज होते, ती वीज खांबाखांबावरनं चालत येते, मोटारीच्या पोटात शिरून गोल गोल फिरते, आणि विहिरीतलं पाणी वर येतं. पाण्यानंच पाण्याला हात देऊन वर ओढायचं. हा विचार त्याला इतका गोड वाटायचा, की डोळे उघडे असून तो दुकानात नसायचा.

"आवं, च्या निवला," त्याची बायको जन्नतबी तिसऱ्यांदा सांगायची. दारात बसलेली गिऱ्हाइकं एकमेकांना खुणावायची, "मिस्त्री गेलं." पण वेढा कधी चुकला नाही.

त्याची आणखी एक सवय होती. मोटार आली, की पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून तो तिच्या कानाला, म्हणजे वरच्या कडीला, बांधायचा. त्यावर गाव, मालकाचं नाव, तारीख. मोटार उघडली, की पुठ्ठ्यावर रंगाची एक खूण व्हायची. सगळी वेटोळी सारखी काळी पडली असतील, तर विजेचा दाब कमी. तिथं लाल टिकली. दोन फेजची वेटोळी जळलीत आणि तिसरीची नवरीसारखी चकचकीत राहिलीत, तर तारेतली एक फेज गेलेली, तिथं काळी. मोटार पाण्याविना कोरडी पळून तिचं बुश, म्हणजे आतला दांडा ज्यात फिरतो ते कडं, घासलं असेल, तर निळी. आणि मालकानंच काही उद्योग करून ठेवला असेल, तर नुसती फुली. मोटार गेली, की पुठ्ठा तारेत ओवला जायचा. दुकानाच्या आढ्याला अशा पुठ्ठ्यांच्या एकोणीस माळा लोंबत होत्या, वर्षाला एक. वारा आला की त्या पिंपळासारख्या सळसळायच्या. हे कशासाठी, असं कुणी विचारलं तर फारूक हसायचा. "बरं वाटतं बगाया," म्हणायचा. खरं कारण तेवढंच होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका दुपारी दुकानापुढं पांढरी गाडी थांबली. पुढच्या दारातनं चाफेवाडीचे जोतीराम सुभेदार उतरले. फौजेतनं निवृत्त होऊन ऊस करणारा हा माणूस. त्यांची मोटार त्या वर्षात तीन वेळा जळली होती आणि तिन्ही वेळा फारूकनंच भरली होती. मागनं उतरल्या आमदार संयोगिताताई. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या, हातात एक कागद.

विधिमंडळाची एक समिती तेव्हा सरकारचं विजेचं आणि हवामानबदलाचं धोरण तपासत होती, आणि ताई तिच्या सदस्य होत्या. धोरणात लिहिलं होतं की शेतीला दिवसा, पुऱ्या दाबानं वीज दिली जाईल, आणि पुढं ती सूर्यावर चालेल. ताईंनी अधिवेशनात प्रश्न टाकला होता: या भागातल्या गावांना वीज कमी दाबानं मिळते आणि मोटारी जळतात, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? त्याचं छापील उत्तर त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं.

"एक, हे खरे नाही. दोन, प्रश्न उद्भवत नाही."

सुभेदार उसळले. "माझी मोटार तीनदा जळली ती काय मी चुलीत घातली हुती का?"

ताई हसल्या नाहीत. वार्निशच्या रिकाम्या डब्यावर त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मला भाषण नको आहे. मोटार कशानं जळते ते दाखवा."

फारूकनं त्या दिवशी आलेली एक मोटार उघडून त्यांच्यापुढं ठेवली. ताईंनी पदर खोचला आणि जळलेल्या वेटोळ्यांवरनं बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"सगळीकडं सारखंच जळालंय," त्या म्हणाल्या.

"व्हय. म्हंजे दाब न्हाई. ह्या मोटारीला चारशे पंधरा व्होल्ट लागतात, मिळालं असतील तीनशे. ताकद कमी पडली की ती जास्त ओढती. ओढून ओढून तापती. माणसाचंबी तसंच हुतं." मग त्यानं कोपऱ्यातली दुसरी मोटार दाखवली, तिसरी दाखवली, आणि बोलता बोलता त्याची नजर वर गेली. ताईंचीही गेली. वर एकोणीस वर्षं हळूहळू हलत होती.

"ते काय आहे?" ताईंनी विचारलं.

फारूकनं सांगितल्यावर त्यांनी उठून एका माळेतला पुठ्ठा हातात धरून वाचला. मग म्हणाल्या, "हे मला समितीपुढं मांडता येईल?"

त्यानं लगेच हो म्हटलं नाही. विचार करतो म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला. फारूकची थोरली, अल्फिया, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून बापाच्याच हाताखाली काम करत होती. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "अब्बा, दाब सुधारला तर मोटारी जळायच्या न्हाईत. मग आपल्या दारात कोण येणार?"

जन्नतबीनं तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. पण ते तिच्याही मनात आलं होतं. फारूक ताटाकडं बघत बसला. खरं सांगायचं तर हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट तरंगत होती: त्या माळा एकदा खाली उतरवून, शेजारी शेजारी मांडून बघितल्या तर कशा दिसतील?

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं. आतली मोठी खोली झाडून घेतली, आणि बापलेकीनं पुठ्ठे मांडायला घेतले. आडवी वर्षं, उभे महिने. दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, नाहीतर वाऱ्यानं सगळं उधळलं असतं. कौलातल्या काचेतनं उन्हाचा एक चौकोन आत पडला होता. तो दिवसभर जानेवारीकडनं डिसेंबरकडं सरकत गेला. फारूक गुडघ्यांवर रांगत होता. चाफेवाडी, माळेवस्ती, खडकीची वाडी. पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं की तो माणूस समोर उभा राहायचा. त्यातले कितीतरी आता हयात नव्हते. एका पुठ्ठ्यावर तर त्याला आपलंच एकोणीस वर्षांपूर्वीचं अक्षर दिसलं, टोकदार, घाईचं, आणि तो त्याच्याकडं ओळखीचं माणूस भेटावं तसं बघत राहिला.

संध्याकाळी अल्फिया भिंतीला टेकून उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "अब्बा, इकडं या. इथनं बगा."

तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. जमिनीवर एक नकाशा झाला होता. लाल टिकल्या मार्च ते मे दाटीनं बसल्या होत्या. ते त्याला माहीत होतंच. पण निळ्या टिकल्या. पहिली दहा-बारा वर्षं त्या उन्हाळ्याच्या रकान्यातनं हलल्या नव्हत्या. मग त्यातल्या दोन-चार ऑगस्टकडं गेल्या होत्या. मग आणखी. शेवटच्या चार-पाच वर्षांत तर ऑगस्टचा सगळा रकाना निळा होता, एखादा ओढा वाट बदलून भलत्याच शेतात शिरावा तसा.

"श्रावणात मोटार कोण चालू करतं?" फारूक स्वतःशीच म्हणाला. त्याच्या लहानपणी श्रावणात विहिरीला हातानं पाणी लागायचं. आता जूनमध्ये दोन दिवसांत सगळं कोसळून जायचं, पुढं महिनाभर आभाळ कोरडं, आणि उभं पीक वाचवायला माणसं मोटारी लावायची. तळ गाठलेल्या विहिरीत मोटार कोरडी पळायची. एकेक मोटार आली तेव्हा त्याला ती एकेका माणसाची गोष्ट वाटली होती. सगळ्यांची मिळून ही एकच गोष्ट होती, आणि ती एकोणीस वर्षं त्याच्या डोक्यावर लटकत होती. तो तिथंच, मे आणि जूनच्या मधल्या रिकाम्या जागेत बसला.

"ताईंना कळीव," तो म्हणाला. "येतो म्हणून सांग."

पुठ्ठे उचलताना अल्फियानं फुलीवाले वेगळे काढून एका पिशवीत भरले. "हे कशाला न्यायचं? हे तर लोकांच्या चुकीचं हायत. आपल्याच माणसांची नाचक्की." फारूक बाकीचे पुठ्ठे तारेत ओवत राहिला. पिशवी घरात कोनाड्यात राहिली.

समितीची बैठक साताऱ्याच्या विश्रामगृहात भरली. फारूक धुतलेला पांढरा सदरा घालून गेला; मांडीवर चादरीत गुंडाळलेली एक जळकी मोटार. लांब टेबलाच्या एका अंगाला आमदार, दुसऱ्या अंगाला अधिकारी, मध्ये पाण्याच्या बाटल्या. पंखा इतका सावकाश फिरत होता, की फारूकला त्याची पाती मोजता येत होती. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो पाटणच्या पठारावर होता. तिथल्या पवनचक्क्याही अशाच झोपेत असल्यासारख्या फिरतात, असं त्याला वाटत होतं. शेजारी बसलेल्या सुभेदारांनी ढोसलं.

तो उठला. चादर सोडून मोटार टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात टेकून बोलायला लागला. त्यानं लाल, काळी, निळी खूण सांगितली. अल्फियानं तयार केलेला तक्ता भिंतीवर दिसत होता. निळ्या टिकल्या ऑगस्टकडं सरकताना बघून अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

वीज कंपनीचे एक साहेब शांतपणे बोलले. माणूस हुशार होता, आणि आवाजात कुचकेपणा नव्हता. "मिस्त्री, काम चांगलं केलंय तुम्ही. पण एक सांगा. शेतकरी मोटारीला ऑटोस्विच लावतात. वीज आली की सगळ्या गावाच्या मोटारी एकदम सुरू होतात, तेव्हा दाब पडणारच. काहीजण मंजुरीपेक्षा मोठी मोटार चालवतात. अशा चुकीनं जळलेल्या मोटारी या तक्त्यात मला दिसत नाहीत. तुमच्याकडं तशी एकही आली नाही?"

ताईंनी मान वळवून फारूककडं बघितलं. त्या पिशवीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. अल्फियानं खाली बघितलं. फारूकला कोनाडा दिसला, पिशवी दिसली, पिशवीतनं बाहेर आलेला एका पुठ्ठ्याचा कोपराही दिसला. नाही म्हणणं सोपं होतं. कुणी तपासायला येणार नव्हतं.

"आल्यात," तो म्हणाला. "घरी हायत, पिशवीत. शंभरात तीस तरी असतील."

सुभेदारांनी जोरात श्वास घेतला. त्यांची मोटार तीनपैकी एकदा ऑटोस्विचनंच जळली होती, हे ते दोघंच जाणत होते.

"नावं आहेत त्यांच्यावर?" साहेबांनी विचारलं.

"हायत. पण नावं सांगनार न्हाई. तुमी मला चूक इचारली, ती सांगितली. माणसं रात्रीची उठून मोटार चालू करून कंटाळल्यात, साहेब. म्हनून ती यंत्र बसवत्यात. ते बरोबर हाय असं मी म्हनत न्हाई."

अध्यक्षांनी तक्त्याकडं हात केला. मग त्यांनी साहेबांना विचारलं, "तीस सोडले. उरलेल्या सत्तरांचं काय?"

साहेबांनी पुढ्यातला कागद उलटला, परत सुलटा केला. "तपासून सांगावं लागेल," ते म्हणाले.

"छापील उत्तरात तर लिहिलंय, हे खरे नाही."

त्यानंतर बैठकीचा सूर बदलला. संयोगिताताईंनी एकेका गावाचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली: उपकेंद्र कितीचं, भार कितीचा, सूर्यावरच्या विजेचं काम कागदावर किती आणि जमिनीवर किती. त्या आवाज चढवत नव्हत्या. फारूक खाली बसला होता आणि ऐकत होता. त्याला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत, पण ताई हातातलं काम सोडत नाहीत, वेढ्यावर वेढा घालतायत, हे कळत होतं.

बाहेर आल्यावर ताई त्याच्याजवळ आल्या. "पिशवीचं मला आधी सांगायला हवं होतं, मिस्त्री."

"चुकलं, ताई."

"चुकलंच." मग कागद आवरत म्हणाल्या, "पण तुम्ही नाही म्हणाला असतात, तर सगळंच गेलं असतं."

जोतीराम सुभेदार मात्र परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले. उंब्रजला फारूक उतरताना म्हणाले, "मी तुला घिऊन गेलो, आन तू मलाच उघडं पाडलंस व्हय रं?"

"तुमचं नाव घेतलं न्हाई, सुभेदार."

"मला तर कळलं न्हवं?" त्यांनी दार आपटलं. पुढचं वर्षभर त्यांची गाडी दुकानावरनं जायची, पण थांबायची नाही. फारूकला ते लागलं. वेढे घालताना आता तो कधी कधी भानावर असायचा.

पुढच्या अधिवेशनात ताईंनी तोच प्रश्न परत टाकला. उत्तर आलं तेव्हा त्यांनी त्याचा फोटो अल्फियाच्या मोबाइलवर पाठवला. "हे अंशतः खरे आहे." जन्नतबीला त्याचा अर्थ सांगताना अल्फियाला हसू आवरेना. "अम्मा, सरकार म्हणतंय, थोडं थोडं खरं हाय."

"थोडं तर थोडं," जन्नतबी म्हणाली. "तांदळात घाल पाणी."

त्या थोड्यातनं कामं निघाली. चाफेवाडीच्या अंगाला नवा मोठा ट्रान्सफॉर्मर बसला. माळेवस्तीच्या माळावर, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं सौर पाट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि चार गावांना सकाळी नऊ ते पाच वीज मिळायला लागली. बाकीची गावं अजून वाट बघतायत. त्या चार गावांतल्या मोटारी मात्र यायच्या बंद झाल्या. अल्फिया म्हणाली होती तसंच झालं. विसावी माळ निम्मीच भरली. दुपारी दुकानात इतकं सुनं असायचं, की भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणंही ऐकू यायचं. अल्फियानं सौरपंपांचं प्रशिक्षण घेतलं, स्कूटर घेतली, आणि पाठीला अवजारांची पिशवी अडकवून ती माळामाळानं हिंडायला लागली.

एकदा ती बापाला बरोबर घेऊन गेली. फारूकनं सौर पाट्या लांबनं बघितल्या होत्या, जवळनं कधी नाही. माळावर पोचल्यावर त्याला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. आयुष्यभर त्यानं वीज ऐकली होती. तिची घरघर, तिचा गुंजारव, जळण्याआधीचं कण्हणं. इथं ती आवाजच करत नव्हती. ऊन पडत होतं आणि खाली कुठंतरी ऊस भिजत होता. पाट्यांखालच्या सावलीत दोन शेळ्या बसल्या होत्या. तोही त्यांच्याजवळ बसला. निळसर काचांत ढग चालले होते, आणि त्याला वाटलं, आपण एका मोठ्या, सपाट तळ्याच्या बुडाशी बसलोय; वर पाण्यावरनं आभाळ जातंय. त्याला झोप लागली. अल्फियानं उठवलं नाही.

यंदा श्रावणात पाऊस परत रुसला. जूनमधला पूर ओसरून गेला, आणि मग एकवीस दिवस थेंब नाही. एका सकाळी दुकानापुढं ओळखीची गाडी थांबली. जोतीराम सुभेदारांनी मागनं मोटार उतरवली, आत आणली आणि स्टुलावर बसले. फारूकनं मोटार उघडली. वेटोळी लखलखीत होती. बुश पार झिजलं होतं.

"दाब चांगला हाय आता," शेवटी सुभेदार म्हणाले. "पाणीच न्हाई."

"दिसतंय की."

"ताईंचा फोन आलता. पाण्याचं सरकारला कसं इचारायचं म्हणत हुत्या. ट्रान्सफॉर्मर मागता येतो. पाऊस कुणाला मागायचा?"

फारूकनं पुठ्ठा कापला, दोरा ओवला. "ह्याचं मलाबी सुचलं न्हाई अजून," तो म्हणाला. "इहीर बगायला येऊ का?"

"चल की."

चाफेवाडीची विहीर जुनी, पायऱ्यांची. दोघं जपून जपून खाली उतरले. वरचं ऊन मागं राहिलं आणि गारवा अंगाला आला. कपारीत पारवे घुमत होते. तळाशी घोटाभर पाणी होतं, त्यात आभाळाचा वाटोळा तुकडा. सुभेदार शेवटच्या पायरीवर टेकले. फारूकनं सरकून बसायला जागा मागितली, ती त्यांनी दिली.

"पूर्वी ह्या पायरीवरनं उडी मारायचो आमी श्रावणात," सुभेदार म्हणाले. "मिस्त्री? ऐकतोयस न्हवं?"

फारूक ऐकत नव्हता. कपारीतल्या एका झऱ्यातनं बारीक, अगदी तारेएवढी धार खाली येत होती, आणि वेढे मोजावेत तसे त्याचे ओठ हलत होते. सुभेदारांनी त्याला हाक मारली नाही. त्यांनी विडी काढली, पेटवली, आणि तो परत येईपर्यंत थांबले.